लाकडाचा चुरा घेऊन फिर

जळगावहून भुसावळला रोज अपडाऊन करणाऱ्यांच्या डब्यात पेपर एकच असतो आणि वाचणारे सहा. पहिलं पान एकाकडे, खेळाचं दुसऱ्याकडे, आणि शब्दकोड्याचं पान ज्याच्या खिशात पेन त्याच्याकडे. आमच्या डब्यात ते पेन आप्पांचं होतं. भादली येईपर्यंत आडवे शब्द संपवायचे, पुढे उभे, आणि भुसावळच्या यार्डात गाडी रेंगाळली की राहिलेली एकदोन घरं दुसऱ्यांना विचारून भरायची, हा त्यांचा नेम. एकदा कोडं भादलीच्या आधीच संपलं, तेव्हा मी पेपरच्या कडेला एक ओळ लिहून दिली :

लाकडाचा चुरा घेऊन फिर, गाडी इथंच बदलायची (४)

कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. आप्पांनी ओळ दोनदा वाचली. "वखार?" तीनच अक्षरं झाली. "सुतारकाम?" पाच. मग वैतागले. "लाकडाचा चुरा घेऊन गाडी कोण बदलतं भो? डोकं नको खाऊ."

म्हटलं, "आप्पा, वाक्याची गोष्ट ऐकू नका, शब्द सुटे करा. लाकडाच्या चुऱ्याला काय म्हणतो आपण?"

"भुसा."

"आणि 'फिर'ला?"

"हिंड. परत. वळ..." आप्पा थांबले. बाहेर रूळ एकाचे चार व्हायला लागले होते. नागपूरकडचा फाटा आणि इटारसीकडचा फाटा जिथं वेगळे होतात, जिथं निम्म्या हिंदुस्थानानं कधी ना कधी गाडी बदललेली असते, ते स्टेशन समोरच येत होतं. आप्पांनी पेनानं चार अक्षरं लिहिली आणि मला म्हणाले, "हे कोडं नाही, ही लबाडी आहे."

लबाडी आहेच. पण नियमांनी बांधलेली. ते नियम काय आहेत, मराठीत ते कुठे जुळतात आणि कुठे अडखळतात, हे या प्रकरणात पाहायचं आहे. आणि हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका नाही, हेही. त्यासाठी फार लांब जायला नको, चाळीसगाव आणि धुळ्यापर्यंत गेलं तरी पुरे.

आपल्या मराठी पेपरांतलं शब्दकोडं बहुतेक वेळा सरळ असतं. 'पाणी (२)' असं विचारलं की मनात जळ, जल, नीर, तोय अशी रांग लागते आणि आडव्या-उभ्याच्या छेदातलं अक्षर सांगतं की यातलं कोणतं. म्हणजे क्लू एकटा उत्तर देऊ शकत नाही, त्याला शेजाऱ्याची मदत लागते. गूढ क्लूचं उलटं आहे. त्यात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, म्हणजे व्याख्या. दुसऱ्या टोकाला त्याच शब्दाच्या अक्षरांची कृती, तिला आपण 'खेळ' म्हणू. भुसावळच्या क्लूत 'गाडी इथंच बदलायची' ही व्याख्या, आणि भुसा अधिक वळ हा खेळ. व्याख्या नेहमी सुरुवातीला किंवा शेवटी असते, मध्ये कधीच नाही. दोन्ही वाटा एकाच शब्दावर भेटल्या की उत्तर बरोबर. पुढच्या दिवशीच्या पेपराची वाट पाहावी लागत नाही.

दोन साक्षीदारांची ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचं, आणि संपादकाच्या लिफाफ्यातल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं तर रोख रक्कम. त्यात गोम अशी, की दोन शब्द सारखेच शोभावेत असा क्लू मुद्दाम द्यायचा. 'रात्री याची भीती वाटते : चोर की घोर?' आता यात अक्कल काय चालवणार? (हे उदाहरण माझं, पण जात तीच.) सरकारनं १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा केला, महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर बंदी घातली आणि त्याखालच्या स्पर्धांना परवाना सक्तीचा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७ सालच्या चमारबागवाला खटल्यांत न्यायालयाला प्रश्न पडला तो हाच : कोडं कौशल्याचं की नशिबाचं? नशिबावर चालणारी स्पर्धा हा जुगार, आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असा निर्णय झाला. कायदा त्या कसोटीवर टिकला. चोर-घोराच्या कोड्याकडे एकच साक्षीदार होता आणि तोही संपादकाच्या लिफाफ्यात.

गूढ क्लू जन्मला इंग्लंडात. शब्दकोडं मात्र अमेरिकेतलं. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन यानं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं छापलं. ते इंग्लंडात आलं आणि एडवर्ड पॉइस मॅदर्स नावाच्या एका कवीच्या हाती पडलं. त्यानं 'टॉर्केमाडा' या टोपणनावानं १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये नुसत्या गूढ क्लूंची कोडी घातली. टॉर्केमाडा हा स्पेनमधल्या धर्मछळाचा प्रमुख. लोकांना छळायचं तर नाव तरी साजेसं घ्यावं. आपल्याला रस वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच मॅदर्सनं बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चं इंग्रजी रूपांतर केलं होतं. बिल्हण काश्मीरचा, पण मान मिळाला तो कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात. श्लेषावर पोसलेल्या संस्कृत कवितेचा संग केलेला माणूस या खेळाच्या मुळाशी आहे. त्यातून निष्कर्ष काढायचा नाही, पण मला ते आवडतं.

मॅदर्स अवघड होता, आणि कधीकधी अन्यायीही. त्याच्यानंतरच्या लोकांनी, विशेषतः 'झिमेनेस' नावानं कोडी घालणाऱ्या मॅकनटनं, १९६६ साली पुस्तक लिहून नियम घट्ट केले : क्लूत एकही फालतू शब्द नको, व्याकरण दोन्ही वाचनांत टिकलं पाहिजे, दिशाभूल करावी पण खोटं सांगू नये. १९४२ च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'नं बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली, आणि त्यातल्या काहींना नंतर जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामावर बोलावणं आलं, ही कथा तर सर्वश्रुत आहे. आपल्याकडे 'द हिंदू'नं १९७१ पासून गूढ कोडं चालवलं. मराठीत अशी नेमानं चालणारी परंपरा रुजली नाही. का रुजली नाही, याचं अर्धं उत्तर आपल्या लिपीत आहे. पण आधी क्लूंच्या जाती पाहू.

सगळ्यात सोपी, दोन व्याख्यांची :

तूप लावा, जळगाव जिल्ह्यात (३)

पोळीला तूप लावायला सांगताना आपण म्हणतो 'चोपडा'. चोपडा तालुका जळगाव जिल्ह्यात आहे. झालं. इथं अक्षरांची मोडतोड नाही, एका शब्दाचे दोन अर्थ पाठीला पाठ लावून उभे केलेत. मराठीत या जातीला एक जास्तीची सोय आहे, ती इंग्रजीत सहज सापडत नाही. आपली च, ज, झ ही अक्षरं दोन प्रकारे उच्चारली जातात आणि लिहिताना मात्र एकच असतात. म्हणून हे जमतं :

तीननंतर गुरांना खाऊ घाल (२)

वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुपारची वेळ आणि गोठा उभा राहतो. उत्तर 'चार'. आकडा म्हणून उच्चारताना जीभ टाळूला लागते, आणि गुरं चारताना दातांना. कागदावर फरक नाही. मनात मोठ्यानं वाचणारा माणूस या क्लूत हमखास अडकतो, नुसतं डोळ्यांनी वाचणारा सुटतो.

दुसरी जात लपवलेल्या शब्दाची. उत्तर क्लूतच, डोळ्यांसमोर असतं :

आरंभ रीतसर, पोटात भाजून ठेचलेलं वांगं (३)

'पोटात' हा इशारा. कुणाच्या पोटात? 'आरंभ रीतसर'च्या. आरं-भ-री-त-सर. शब्दांमधली मोकळी जागा पुसून टाका, भरीत दिसेल. हिवाळ्यात जळगावात ज्यांनी काट्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्यांचा वास घेतलाय त्यांना व्याख्या आधी सुचेल आणि लपलेलं भरीत नंतर दिसेल. पुण्यामुंबईकडच्याला कदाचित उलट. दोन्ही चालतं, दोन वाटांचा फायदाच तो.

तिसरी उलटापालट :

गरीब मागे वळला, तिथे पाणी वाहतं (२)

गरीब म्हणजे दीन. मागे वळवला की 'नदी'. इथं कुणी म्हणेल, गरिबाला रंक का नाही, दरिद्री का नाही? घ्या आणि उलटून पाहा. दुसऱ्या टोकाला बसलेली व्याख्या तुम्हाला रंकावर थांबू देणार नाही.

चौथी जात जोडणीची, भुसावळसारखी. खान्देशातली गावं या जातीसाठीच वसवली असावीत. चाळीसगाव, धरणगाव, जळगाव : सगळी आधीच फोडून ठेवलेली. फार सोपी म्हणून मी गावं सोडतो आणि घरात येतो :

ऐकायचं अंग आणि स्त्री, श्रावणात घरोघरी बसते (४)

कान आणि बाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, रोटांचा घाट असतो, घरचा मुंबई-सुरतेला गेलेला माणूस त्यासाठी परत येतो. हा क्लू मी मुद्दाम दिला, कारण त्यात या खेळातला एक प्रामाणिक प्रश्न आहे. सांगलीच्या वाचकाला कानबाई माहीत नसली तर? खेळ त्याला उत्तरापर्यंत नेऊन सोडतो. कान, बाई, कानबाई. असा शब्द असतो का, हे तो मग कुणाला तरी विचारेल. न्याय्य क्लूची खूण हीच, की ज्याला व्याख्या माहीत नाही त्यालाही उत्तर बांधून काढता यावं. म्हणून दुर्मिळ शब्दाला खेळ सोपा द्यावा, आणि रोजच्या शब्दाला अवघड.

पाचव्या जातीत खेळ नसतोच, नुसती तिरकी व्याख्या :

मनात खाल्ले तर उपाशी, खान्देशात खाल्ले तर तुडुंब (२)

मांडे. खापरावरचे. यावर टिप्पणी केली तर मजा जाईल.

आता अक्षरं विस्कटण्याची जात, जिच्यावर इंग्रजी कोड्यांचा निम्मा संसार चालतो. आणि इथंच मराठी अडते. इंग्रजीत सुटं अक्षर हे घराचं एकक. आपलं एकक 'अक्षर', म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर असलं तर सगळं गाठोडं, आणि हे सारं मिळून एका घरात. म्हणून 'कमल' विस्कटून 'कलम' होतं :

कमल चुरगाळलं, गुन्हा याखाली नोंदवतात (३)

पण 'नवरा' विस्कटून 'वानर' होतं का? चहाच्या टपरीवर होतं. कोड्यात नाही. न, व, रा या तीन गाठोड्यांत वा नाही आणि र नाही. काना एका अक्षरावरून सुटून दुसऱ्यावर बसवायचा तर आधी तसा करार हवा. काही कोडेकार तो करार करतात, मात्रा सुट्या धरतात. मला ते पटत नाही. घरात जे एकत्र लिहिलं जातं ते खेळातही एकत्रच राहावं, नाहीतर छेदातल्या अक्षराला काही अर्थच उरत नाही. परिणाम असा की मराठीत चांगले विस्कटलेले शब्द थोडे मिळतात. तीनचार अक्षरांच्या पुढे तर दुष्काळच.

जोडाक्षर आणखी त्रास देतं. आपल्याच प्रदेशाचं नाव घ्या. 'खानदेश' लिहिलंत तर चार घरं, 'खान्देश' लिहिलंत तर तीन. दोन्ही रूपं चालू आहेत, एकाच रस्त्यावरच्या दोन पाट्यांवर दोन सापडतील. कोडेकारानं कंसात ४ लिहिलं की तीन घरंवाले भांडायला येतात. खान अधिक देश ही जोडणी पहिल्या रूपात स्वच्छ बसते, दुसऱ्या रूपात 'न' अर्धा होऊन 'दे'च्या पोटात जातो. दोंडाईच्यात तर 'आईचा' सरळ ऐकू येतं, पण 'आ' आधीच 'डा'मध्ये मुरलाय, काढता येत नाही.

खान्देशचा विषय निघालाच आहे तर अक्षरबदलाची जातही इथंच उरकू. फारुकी सुलतानांच्या 'खान' या किताबावरून प्रदेशाला हे नाव पडलं असं सांगतात. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि हा मुलूख शाहजादा दानियालकडे दिला, तेव्हा नावही बदललं : खानदेशचं दानदेश. एका मोगल बादशहानं 'पहिलं अक्षर बदला' हा क्लू अख्ख्या सुभ्यावर सोडवून दाखवला. लोकांनी उत्तर मान्य केलं नाही, जुनंच नाव टिकलं.

लिपीखालोखाल अडथळा विभक्तीचा. 'शेतात ये-जा (३)' असा क्लू मला फार दिवस आवडायचा. उत्तर 'वावर' : आपल्याकडे वावर म्हणजे शेत, आणि पुस्तकी मराठीत वावर म्हणजे ये-जा. पण 'शेतात'मधल्या प्रत्ययाचं काय करायचं? वावर म्हणजे शेत, 'शेतात' म्हणजे 'वावरात'. इंग्रजीत नातं दाखवणारे शब्द सुटे असतात, ते इशारा म्हणून वापरून बाजूला ठेवता येतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून शब्दच बदलून टाकतात. शेवटी मी तो क्लू 'शेत, ये-जा' असा रुक्ष केला. प्रामाणिक झाला, पण चव गेली.

इतकं सगळं ऐकून कुणाला वाटेल, हा खेळ आपल्या मातीतला नाहीच, उगाच कशाला ओढून आणायचा. त्यांना मी चाळीसगावला घेऊन जातो.

चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे, पाटणादेवीचं. भास्कराचार्यांच्या घराण्याचा या परिसराशी असलेला संबंध इथल्या शिलालेखानं पक्का केला. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक आकड्यांत लिहिला नाही. श्लोकात आकडे बसत नाहीत, वृत्त मोडतं. त्यांनी चार शब्द योजले : रस, गुण, पूर्ण, मही. आता हा क्लू सोडवा. रस सहा, गोड-आंबट-खारट धरून. गुण तीन, सत्त्व-रज-तम. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. सहा, तीन, शून्य, एक. ६३०१ शक? तो तर अजून यायचाय. इथं दडलेला नियम असा की अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. १०३६. शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४.

या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात. डोळे, हात, पक्ष म्हणजे दोन, वेद चार, बाण पाच, मुनी सात, आकाश शून्य. यात गूढ क्लूची सगळी लक्षणं आहेत. शब्दाचा वरवरचा अर्थ एक, कामाचा अर्थ दुसरा. उलट वाचायचा नियम. आणि सापळाही : काव्यशास्त्राच्या सवयीनं रस नऊ धरलेत तर आचार्यांचा जन्म तीन वर्षं पुढे जाईल. ज्योतिषात रस सहाच, हा संकेत माहीत असावा लागतो, जसा आपल्या क्लूत 'पोटात' म्हणजे लपलेलं, हा असतो. पुढे ग्रंथरचनेच्या वेळचं वय सांगताना त्यांनी पुन्हा रस आणि गुण हेच दोन शब्द वापरले : छत्तीस. जन्मशकाची शेवटची दोन घरं आणि वय, दोन्हींना तेच शब्द. छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' झाला. योगायोगच, पण असा योगायोग हाती आल्यावर कोणता कोडेकार तो सोडील?

पाटणचा शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. (चांगदेव म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरांकडे वाघावरून निघालेले आठवतात. ते हे नव्हेत.) हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं त्याला दान दिलं. शिलालेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, बाजारातल्या मालावर मठाचा हक्क सांगणारा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख विद्वानांपुढे ठेवला. त्यात काळ कसा सांगितलाय पाहा : शकाचा आकडा, शिवाय संवत्सराचं नाव प्रभव, शिवाय श्रावणी पौर्णिमा, शिवाय चंद्रग्रहण. चार साक्षी. या सगळ्यांची गाठ बसवून अभ्यासकांनी तारीख काढली ती ९ ऑगस्ट १२०७. एकट्या आकड्यावर विसंबलं तर वर्षभराची चूक सहज होते, चालू शक की गत शक हा घोळ असतो. ग्रहण मात्र हट्टी असतं, ते लागलं तेव्हाच लागलं. आडव्या-उभ्याचा छेद याहून वेगळा काय असतो?

आता धुळ्याकडे.

राजांची घरं, धुळ्याचा इतिहासकार (४)

हा क्लू अगदीच सोपा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथंच गेले. त्यांच्या दप्तरांची व्यवस्था लावायला पुढच्याच वर्षी तिथं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी सोडवलेल्या कोड्यांपैकी एक थेट आपल्या विषयाचं आहे. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी, वज्रलिपी अशी त्यांची एकाहून एक सुरेख नावं. पंथाबाहेरच्या माणसाला पोथी उघडून दिली तरी एक ओळ लागू नये असा बंदोबस्त. चक्रधरांच्या लीळा, मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य, शतकानुशतकं या कुलपाआड होतं. भडगावजवळच्या कनाशीसारख्या महानुभाव स्थानांमुळे खान्देशात हा पंथ घराघरांत पोचलेला, पण पोथीतलं अक्षर शेजाऱ्याला परकंच. यातल्या सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास प्रसिद्ध केली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली दोन प्रकरणं नव्यानं लिहावी लागली.

सकळ लिपीचं तत्त्व अदलाबदलीचं : एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं. असं कुलूप उघडायला काय लागतं? भाषा आतून माहीत असावी लागते. मराठी वाक्य बहुधा कशावर संपतं, कोणती अक्षरं वारंवार येतात, कोणती जोडी कधीच शेजारी येत नाही. एक अक्षर अंदाजानं बसवायचं, दुसऱ्या ठिकाणी ते शोभतं का पाहायचं, शोभलं नाही तर खोडायचं. आप्पा यार्डात थांबलेल्या गाडीत नेमकं हेच करायचे, फक्त त्यांच्या हातात पोथीऐवजी पेपर असायचा.

राजवाड्यांनीच १९२२ मध्ये जयराम पिंड्ये यांचं 'राधामाधवविलासचंपू' छापलं. शहाजीराजांच्या दरबारी गेलेल्या या कवीनं राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा का? मला बारा भाषा येतात म्हणून. नारळांचा क्लू, आकडा हे उत्तर. मग दरबारातल्यांनी समस्या घालायच्या, म्हणजे श्लोकाचा एक विचित्र तुकडा द्यायचा, आणि जयरामानं त्याला अर्थ येईल असा बाकीचा श्लोक जागेवर रचायचा. हे गूढ क्लूचं उलट टोक : उत्तर दिलेलं, वाट शोधायची. क्लू घालायला शिकायचं असेल तर हा सराव फार चांगला. शब्द आधी घ्या, त्याला मोडून पाहा, तुकड्यांना वेगळीच गोष्ट सांगायला लावा. बारामतीच्या मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणं रचली, त्यातल्या एकात ओठ लागतील असं अक्षरच येऊ दिलं नाही. ज्या भाषेत लोक हौसेनं असले निर्बंध घालून घेत होते त्या भाषेला गूढ कोडं जड जाईल, हे मला पटत नाही.

आप्पा आता रिटायर झालेत, धुळ्याला मुलाकडे असतात. त्यांनी स्वतः बनवलेला पहिला क्लू मला फोनवर सांगितला, आणि नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही. तो इथं देतो. उत्तर शोधताना नकाशा उघडू नका, धुळे जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावंही पुटपुटू नका. शब्द सुटे करा आणि दोन्ही वाटांनी जाऊन पाहा :

डोकं पुढे, मागून नदीचा लोंढा, धुळे जिल्ह्यात (४)